बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे बेस गिटारवाले: सामान, सेटअप आणि पबमधलं वाजवणं

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

आपल्या भागात गिटार शिकणारी पोरं भरपूर झालीत. बेसवाला शोधायला गेलं की मात्र अजून बेळगावच्या कॅम्पातल्या दोन-चार घरांपलीकडे नाव निघत नाही. त्याला कारण आहे. इथल्या ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत बेस हे वेगळं वाद्य म्हणून फारसं कधी नव्हतंच. कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचे सूर धरायचा, ऑक्टोपॅडवाला ठोका द्यायचा आणि गणपतीतला कार्यक्रम तेवढ्यात झकास निघायचा. मग चार तारांचं हे एवढं लांब वाद्य कशाला, असं मला लोक आजही विचारतात. नव्याने हातात घेणाऱ्यांना विचारायला कुणी नसतं. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना जे माहीत आहे ते इथे लिहा.

मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे. शनिवारी आमचा चौघांचा बँड वाजवतो. ड्रमर धारवाडकडचा कन्नड, गायिका कॅम्पातली कोंकणी बोलणारी, गिटारवाला शहापूरच्या विणकर घरातला. खानापूर रोडवरची गार्डन रेस्टॉरंट, गावातले एक-दोन पब, डिसेंबरात चोर्ल्याकडचे रिसॉर्ट असा आमचा फिरता संसार.

माझं म्हणणं एकच आहे. हौशी बेसवाल्याने वाद्यावर जेवढं डोकं लावायचं त्याच्या दुप्पट ज्या खोलीत वाजवायचं त्या खोलीवर लावावं. आपल्याकडे उलटं चालतं. पोरं रात्र-रात्र पिकअपची चर्चा करतात आणि पबमध्ये जाऊन अँप कोपऱ्यात ठेवतात.

खोली काय करते ते सांगतो. मोकळ्या (न दाबलेल्या) ई तारेचा, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण 41 हर्ट्झचा. हवेतली त्याची एक लाट सव्वाआठ मीटर लांब, म्हणजे 27 फूट. आपल्याकडचे पबचे हॉल बहुतेक याहून आखूड. अशा खोलीत लाट भिंतींमध्ये अडकते. काही सूर दुप्पट फुगतात, काही गायब होतात. हॉल 20 फूट लांब असेल तर 28 आणि 56 हर्ट्झच्या आसपास घुमणार, आणि आपली मोकळी ए तार आहे 55 ची. तुम्ही कितीही सारख्या दाबाने वाजवा, ए आला की ग्लास थरथरणार आणि ई आला की टेबलावरचा माणूस म्हणणार, बेस बंद पडला काय?

यावर उपाय पैशाचा नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी पाऊण तास पोचायचं. लांब लीड (वायर) लावून मोकळ्या ई पासून एकेक फ्रेट (नेकवरची, म्हणजे दांड्यावरची आडवी पट्टी) वर चढत वाजवायचं आणि वाजवता वाजवता हॉलभर फिरायचं. कुठला सूर कुठे फुगतो ते कळतं. मग अँप कोपऱ्यातून काढायचा. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचा आवाज फुगवतात. अँप खुर्चीवर चढवायचा, म्हणजे आवाज आपल्या कानाकडे येतो आणि जमिनीतून जाणारी गुरगुर कमी होते. अँपवरची बेसची चावी (नॉब) घड्याळातल्या बारावर ठेवायची, जमल्यास अकरावर. मिडची (मधल्या सुरांची) थोडी वर. सूर ओळखू येतो तो 400 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यात, तळात नाही. तळ भरपूर आणि मिड शून्य असा आवाज घरी एकट्याने वाजवताना भारी वाटतो, पण ड्रम सुरू झाले की त्यातला सूर उरत नाही, नुसता धूर उरतो.

फुगणारा सूर तरीही त्रास देत असेल तर तो वरच्या सप्तकात घ्या किंवा तळहाताची कड ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) टेकवून वाजवा. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला तरी चालतं. लिओ फेंडर या अमेरिकन गिटार बनवणाऱ्याने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज होताच. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमरसन एका बोटाने आणि न बदललेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर जे वाजवून गेला ते आजही शिकवलं जातं. तेव्हा नवीन झणझणीत तारा म्हणजेच चांगला आवाज, हे डोक्यातून काढून टाका.

आता पावसाळ्याबद्दल, कारण हा प्रश्न आपल्याकडचा खास आहे. जून ते सप्टेंबर बेळगावात हवा ओली, खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर विचारूच नका. लाकूड ओल पितं, नेक हलतो. कुणाचा पुढे वाकतो, कुणाचा मागे. महिन्यातून एकदा तपासा. पहिला फ्रेट एका बोटाने दाबा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दुसऱ्या हाताने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट बरोबर. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. पाव म्हणजे पावच. मग पुन्हा सुरात लावून, तासाभराने पुन्हा बघायचं. रॉड फिरवायची चावी अडली तर जोर करू नका, माणसाकडे न्या. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आली की बोटं दुखत नाहीत आणि तार खडखडतही नाही.

सामानाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. आधी कोण कोण आहे ते तरी कळू दे.

निपाणीकर

नमस्कार दादा. मी निपाणीचा, अकरावीत आहे. घरी साधी गिटार हाय, बेस घ्यायचाय. बाबा म्हणाले एकदाच घे, पण नीट विचारून घे. कुठला घेऊ? चार तारांचा की पाच? आणि अँप पण लागेल न्हवं?

कॅम्पातला

वा, हा धागा हवाच होता. मी फातिमा कॅथेड्रलच्या बाजूचा. आमच्याकडे बेस चर्चमधून आला. कॉयर चार आवाजांत गातं, त्यातला सगळ्यात खालचा पुरुषांचा. लहानपणी मला त्याच रांगेत उभं केलं होतं, त्यामुळे गाण्याचा तळ आधी गळ्यात बसला आणि मग हातात आला. आमचा धर्मप्रांत 1953 साली स्थापन झाला. त्याआधी यातला बराच भाग गोव्याशी जोडलेला होता, आणि वाजवणाऱ्यांचं येणं-जाणं कधी थांबलं नाही. मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये गोव्याची किती माणसं होती हे सगळ्यांना माहीत आहे. आर. डी. बर्मनकडे बेस वाजवणारे टोनी वाझ त्याच परंपरेतले. जुनी हिंदी गाणी हेडफोन लावून फक्त बेससाठी ऐका. गायकाने श्वास घेतला की बेस कसा पुढे सरकतो ते नीट ऐका, तो एक धडा पुरे आहे.

नव्या मुलाला माझा सल्ला: नोटेशन वाच. बेस क्लेफ (खालचे सूर लिहायची पद्धत) शिकायला एक पावसाळा पुरतो.

मंद्रसप्तक

@निपाणीकर, बाबा बरोबर बोलले.

चार तारांचा घे. यामाहा टीआरबीएक्स 174, आयबानेझ जीएसआर 200, स्क्वायरचा साधा प्रिसिजन किंवा जॅझ, यातला जो हातात बरा वाटेल तो. तिन्ही 34 इंची स्केलचे (वाजणाऱ्या तारेची लांबी) आहेत आणि तिघांवर पब सहज निघतो. यामाहा पॅसिव्ह आहे, म्हणजे त्याला बॅटरी लागत नाही. आयबानेझमध्ये बेस वाढवायचं छोटं सर्किट आहे, त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते. लीड खोचलेली राहिली की ती बॅटरी चालूच राहते, म्हणून वाजवून झालं की लीड काढायची. कार्यक्रमाला बॅगेत एक नवी बॅटरी ठेवायचीच.

जुना मिळाला तर आणखी चांगलं. कोल्हापूर, हुबळी, गोवा या तिन्ही बाजूंनी जुने बेस येतात. घेताना नेक डोळ्यासमोर धरून हेडकडून बॉडीकडे बघ, पिळलेला असेल तर सोडून दे. वाकलेला सरळ होतो, पिळलेला होत नाही. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून बघ. बॉडीवरच्या आवाजाच्या चाव्या फिरवताना खरखर आली तर घाबरायचं कारण नाही, ती क्लीनरने जाते. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का ते विकणाऱ्यासमोरच बघ.

घरी सरावाला अँप लागतच नाही, हेडफोनचा छोटा इफेक्ट पेडल पुरतो. झूम बी 1 फोरमध्ये ताल पण आहे, त्याच्याबरोबर वाजव. बँडबरोबर काहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका) असेल तर 40 वॉटचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) चालतो. पूर्ण ड्रम असतील तर 100 च्या खाली बेसचा दम पुरत नाही. खालचे सूर कानाला कमी ऐकू येतात, त्यामुळे गिटारपेक्षा बेसला कितीतरी जास्त वॉट लागतात. मित्राच्या गिटार अँपवर मोठ्याने वाजवू नकोस, त्याचा स्पीकर फाटतो.

ऑर्केस्ट्राकाका

आम्ही जुने लोक. कीबोर्ड वाजवत होतो, आता शिकवतो. तुम्ही ए, ई, सी-शार्प म्हणताय ते ठीक हाय, पण इथल्या गायकाला ते कळत न्हाई. तो येऊन म्हणणार, "काळी दोन." तेवढ्यात गाणं सुरू बी झालेलं असतंय. म्हणून पोरांनो हे पाठ करा.

काळी एक म्हणजे ए तारेवर चौथा फ्रेट. काळी दोन, ए तारेवर सहावा. काळी तीन, ई तारेवर दुसरा. काळी चार, ई वर चौथा. काळी पाच, ई वर सहावा. पांढरी एक, ए वर तिसरा. पांढरी दोन, ए वर पाचवा. पांढरी तीन म्हणजे मोकळी ई. पांढरी चार, ई वर पहिला. पांढरी पाच, ई वर तिसरा. पांढरी सहा, मोकळी ए. पांढरी सात, ए वर दुसरा. झालं बारा.

पुरुष बहुतेक काळी एक-दोनच्या आसपास गात्यात, बायका काळी चार-पाचकडं. आणि एक लक्षात ठेवा. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं (सगळे सूर वर-खाली सरकवायचं) बटन दाबून सी मध्येच वाजवत असतोय आणि तुम्हाला बी "सी" म्हणून सांगतोय. खरं ऐकू येतंय डी-शार्प. म्हणून त्याला कॉर्ड विचारू नका, "सा कुठला ओ?" असं विचारा. सा कळला की बाकीचं आपोआप.

मंद्रसप्तक

काका, हे सोन्यासारखं लिहिलंत. यातूनच चार की पाच तारा या प्रश्नाचं उत्तर निघतं.

आपल्याकडचे पुरुष गायक काळी एक-दोनमध्ये गातात. म्हणजे सा आला सी-शार्प किंवा डी-शार्प. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर ई. त्यामुळे सा चा सगळ्यात खालचा सप्तक आपल्याकडे नाहीच, तो वरच्या सप्तकात ए तारेवर घ्यावा लागतो. पाच तारांच्या बेसवर बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर सी-शार्प, चौथ्यावर डी-शार्प मिळतो. घरी ऐकायला तो सूर अंगावर येतो, खोटं नाही.

पण पबमधले स्पीकर बघा. खांबावर टांगलेले कॉलम किंवा 12 इंचाचे दोन डबे. 35 हर्ट्झ त्यांच्यातून बाहेरच पडत नाही. स्पीकर नुसता कष्ट करतो, शंकू आत-बाहेर हलतो आणि वरचेही सूर घाण करतो. उलट ए तारेवरचा सी-शार्प 69 हर्ट्झचा, तो नीट निघतो. शिवाय वरचे स्वरांश स्वच्छ ऐकू आले की खालचा मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो. म्हणून माझं मत ठाम आहे: सबवूफर असलेली सिस्टिम रोज मिळत नाही तोवर चार ताराच बऱ्या.

खानापूरची

इथे बाई कुणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून मी लिहिते. मी खानापूरला शाळेत शिकवते आणि सुट्टीत बँडमध्ये बेस वाजवते.

हात लहान असणाऱ्यांना कुणी सांगत नाही की 30 इंची शॉर्ट स्केल बेस मिळतात. पहिल्या चार फ्रेटमधलं अंतर बरंच कमी होतं. तार थोडी सैल लागते, आवाज गोल येतो. मला तो जास्त आवडतो. 34 इंचीच हवा असेल तर पहिल्या पाच फ्रेटवर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरा, तिसरं चौथ्याच्या मदतीला. उभ्या डबल बेसवाले तसंच वाजवतात. चारही बोटं ताणून मनगट दुखवून घेऊ नका. पट्टा रुंद घ्या, चार किलोचं वाद्य अडीच तास खांद्यावर राहतं.

आणि वेळेचं. पबमधून रात्री निघून खानापूर गाठायचं तर घरच्यांना उत्तर द्यावं लागतं. मी बँडला पहिल्या दिवशीच सांगितलं की माझं येणं-जाणं ठरल्याशिवाय तारीख घ्यायची नाही. त्यांनी ऐकलं. ज्या बँडला हे सांगता येत नाही त्या बँडमध्ये मुलींनी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोहिनी डे सारखी बेसवादक आपल्या देशातून पुढे आली, रेहमानबरोबर वाजवलं, जगभर फिरली. वर्गातल्या मुलींना मी तिचे व्हिडिओ दाखवते. दोघींनी गिटार सोडून बेस धरलाय.

नाइटवाला

सगळं छान चाललंय, पण मला एक बोलायचं आहे. मी ऑर्केस्ट्रात वाजवून घर चालवतो. आमची नाइट ठरलेली असते, ॲडव्हान्सला सुपारी येते, त्यावर मुलांची फी जाते. गेल्या काही वर्षांत हौशी बँड जेवणावर आणि दोन ड्रिंकवर वाजवायला लागलेत. हॉटेलमालक आम्हाला तोंडावर सांगतो, "ती पोरं फुकट वाजवतात, तुम्ही एवढे कसे मागता?" तुम्हाला नोकरी आहे. तुमचा शनिवारचा आनंद आमच्या ताटातून जातो. वाईट वाटून घेऊ नका, पण कुणीतरी हे लिहायला हवं होतं.

कॅम्पातला

नाइटवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत. चर्चमध्ये मी पैसे घेत नाही, ती सेवा. पण जिथे मालक गल्ला भरतो तिथे फुकट वाजवणं चूक आहे.

मंद्रसप्तक

नाइटवाला, वाईट अजिबात वाटलं नाही. बरं झालं लिहिलंत. आमचा बँड पैसे घेतो आणि गावातला रेट विचारून घेतो, त्याच्या खाली जात नाही. एखाद्या मालकाने नवीन जागा म्हणून कमी सांगितलं तर आम्ही वेळ कमी करतो, रेट नाही. दोन तासांऐवजी एक. या धाग्यावरच्या हौशी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: तुम्हाला पैशाची गरज नसेल तरी घ्या. नको असतील तर तारांना, साउंडवाल्याला, रिक्षाला जातील. फुकट वाजवायचं तर गणपती मंडळात वाजवा, वाचनालयाच्या कार्यक्रमात वाजवा. बारमध्ये नाही.

तुम्हाला बेसवाला लागला तर आम्हाला कळवा. तुमच्या नाइटच्या हिशोबात येऊ, आणि तुमच्याकडून काळी-पांढरी शिकू.

शहापूर_तबला

एक तांत्रिक मुद्दा. मी तबला आणि ढोलकी वाजवतो, दोन बँडमध्ये बेसवाल्याबरोबर बसलोय. डग्गा आणि बेस एकाच जागेत भांडतात. डग्ग्यावर मी घिस्सा काढला, मनगट सरकवून सूर वर नेला, की त्याच क्षणी बेसवाल्याने लांब सूर धरलेला असला तर दोन्ही मरतात. लावणीच्या ठेक्यात ढोलकीची डावी बाजू स्वतःच बेस असते. तिथे बेसवाल्याने समेवर एक आखूड सूर द्यावा, तार लगेच दाबून बंद करावी आणि पुढच्या मात्रांना गप्प राहावं. ज्याला हे जमलं त्याच्याबरोबर वाजवताना हात उडतात. शिवाय बेसवाल्याने माझा डग्गा कुठल्या सुराला लागलाय ते आधी विचारावं. बहुतेक जण विचारतच नाहीत.

सौंदत्तीरोड

@शहापूर_तबला यांनी घिस्सा म्हटला त्यावरून आठवलं. आमच्याकडे यल्लम्माच्या डोंगरावर जोगते चौंडकं वाजवतात. एकच तार, ती ताणत आणि सैल सोडत वाजवतात, त्यामुळे सूर सरकत जातो आणि मध्येच घुमतो. मी फ्रेटलेस (फ्रेटच्या पट्ट्या नसलेला) बेस घेतला तो त्या आवाजासाठी. लोक फ्रेटलेसवाल्या जॅको पास्टोरियसचं नाव घेतात. त्यांना मी मानतोच, पण माझ्या कानात आधी चौंडकं होतं. पौर्णिमेच्या यात्रेत एकदा शांतपणे बाजूला बसून ऐका आणि घरी येऊन 'जी' (G) या सगळ्यात बारीक तारेवर पाचव्यापासून सातव्या फ्रेटच्या जागेपर्यंत सूर न तोडता सरकत जाऊन बघा. आपल्या मातीचा बेस कसा असू शकतो ते तिथे सापडतं असं मला वाटतं.

मंद्रसप्तक

@सौंदत्तीरोड, यावर वेगळा धागा काढाच. रेकॉर्डिंग टाका.

@शहापूर_तबला, ड्रमच्या किकलाही (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) हेच लागू. आमचा ड्रमर आणि मी आठवड्यातून एक दिवस दोघंच बसतो, बाकी कुणी नाही. मेट्रोनोम 60 वर, किक आणि बेस एकत्र, सूर एकच. कधी मी त्याच्या किंचित मागे राहतो, कधी बरोबर डोक्यावर. त्याला मराठी मोडकी येते, मला कन्नड मोडकी. "स्वल्प हिंदे" म्हटलं की मी मागे सरतो. हा सराव बाहेरून कंटाळवाणा दिसतो, पण आमच्या बँडचं जे काही नाव आहे ते याच दोघांच्या बैठकीवर आहे.

चोर्लाघाट

साउंडचं काम करतो म्हणून दोन गोष्टी लिहितो, त्यातली पहिली जिवाची आहे.

पावसाळ्यात गार्डन रेस्टॉरंटमध्ये अर्थिंग तपासल्याशिवाय काही लावू नका. हम (सततची घूं-घूं) येतो म्हणून अँपच्या पिनेचा तिसरा पाय तोडणारे लोक मी बघितलेत. तो पाय तुमचा जीव वाचवतो. तो तोडला आणि अँपमध्ये गळती असली की तारेला हात आणि माईकला ओठ लागला की माणूस सर्किटचा भाग होतो. हम घालवायचा तर बेसचा अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, एकाच पॉइंटवरून घ्या. तरी राहिला तर डीआय बॉक्सवरचं (बेस मिक्सरला जोडायचा छोटा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटन दाबा. ते फक्त सिग्नलच्या वायरीचं अर्थ तोडतं, विजेचं नाही. बल्ब-दिव्याचं छोटं सॉकेट टेस्टर इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतं, ते बॅगेत ठेवा. टेस्टरने अर्थिंग बरोबर दाखवलं नाही तर मालकाला सांगून दुसरा पॉइंट मागा, नाहीतर कार्यक्रम करू नका.

दुसरी गोष्ट, वेळ. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, सूट फक्त चारी बाजूंनी बंद असलेल्या हॉलला. सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकतं, ती जाहीर होते. गार्डन म्हणजे उघडी जागा. पावणेदहाला शेवटचं गाणं घ्या. मालक म्हणेल, "आणखी एक, काही होत नाही." पोलीस आले की सामान तुमचं जप्त होतं, मालकाचं नाही.

खानापूरची

अर्थिंगचं वाचून लगेच टेस्टर मागवला. कानांबद्दलही कुणीतरी लिहा ना, आमचा ड्रमर फार जोरात वाजवतो.

चोर्लाघाट

ताई, 85 डेसिबल आठ तास चालतं असा अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचा दंडक आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. झांजेच्या बाजूला उभं राहिलं की सहज 100 होतं. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारखेच कमी करतात. झांजेपासून लांब, ड्रमरचा पाय दिसेल अशा जागी उभ्या राहा.

अनगोळ_बास

1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला आणि इथल्या मराठी लोकांच्या काळ्या दिवशी, कुणी वाजवतं का? दरवर्षी घरातून ओरड होते.

मंद्रसप्तक

आमच्यापुरतं सांगतो. त्या दिवशी आम्ही चौघंही सुट्टी घेतो, हे बँड सुरू झाला तेव्हाच ठरलं. बाकी वर्षभर एकाच रात्रीत मराठी, कन्नड, हिंदी, कोंकणी सगळं वाजवतो. अजय-अतुलच्या गाण्याला कन्नड टेबल उठून नाचतं आणि रघू दीक्षितच्या गाण्याला शहापूरची पोरं शिट्ट्या मारतात, हे मी स्टेजवरून बघतो. या शहरात एवढं मनासारखं दृश्य मला दुसरीकडे दिसत नाही, आणि मी बँड धरून ठेवलाय तो त्यासाठी. कन्नड गाण्यांचा बेस मी ड्रमरच्या घरी बसून शिकलो. शब्दांचा अर्थ त्याच्या आईने सांगितला. अर्थ कळला की कुठे थांबायचं ते कळतं.

निपाणीकर

दादा, बेस घेतला! कोल्हापुरात जुना यामाहा मिळाला. नेक सरळ हाय, तुम्ही सांगितलं तसं बघून घेतला. बाबा सोबत होते, त्यांनीच प्रत्येक फ्रेट वाजवायला लावला. तिसऱ्या चावीला खरखर येतेय. काकांचं काळी-पांढरी कागदावर लिहून भिंतीला लावलंय. आता पहिलं काय वाजवू?

ऑर्केस्ट्राकाका

शाब्बास बाळ. पहिलं भजन घे. तुमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात जाऊन बस, पेटीवाल्याला सा विचार आणि नुसता सा आणि प धर. केरवा सांभाळ. महिनाभर दुसरं काही वाजवू नको.

मंद्रसप्तक

काकांचं ऐक. आणि खरखरीची चावी तशीच ठेव. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता आमची बैठक आहे, बाबांना घेऊन ये, क्लीनर माझ्याकडे आहे. जागा निरोपात कळवतो. लीड तेवढी तुझी आण, आमच्याकडे जास्तीची नाही.